रात्री दीडला कुणाचं काय बिघडतं?

बाणेरच्या आमच्या सोसायटीने महापालिका, पोलीस आयुक्त आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग अशा तिघांना एक निवेदन द्यायचं ठरवलं आहे. 'आमच्या' एवढ्यासाठी की तिथला एक फ्लॅट माझ्या नावावर आहे. मी असते हाँगकाँगला, फ्लॅटमध्ये राहतात आयटीतली चार मुलं, आणि निवेदनाचा मसुदा लिहिला आहे काकांनी. ते सोसायटीचे अध्यक्ष आहेत आणि महिन्याकाठी एखादा मसुदा लिहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मागणी अशी की परिसरातले सगळे पब आणि रूफटॉप बार रात्री दहाला बंद करावेत. का, तर पुण्याची सांस्कृतिक ओळख पुसली जात आहे आणि मुलीबाळींना रात्री घराबाहेर पडणं कठीण झालं आहे.

मसुदा घरच्या ग्रुपवर आला आणि चुलतभाऊ, म्हणजे काकांचाच मुलगा, उसळला. 'बाबा, सध्याची दीडची वेळसुद्धा कमी आहे. हाँगकाँग बघा, रात्रभर जागं असतं. उगाच नाही तिथे पैसा.' काकांचं उत्तर आलं, 'हाँगकाँगचं आम्हाला कशाला सांगतोस? आपली मनी आहे तिथे. तिलाच विचार, ती तरी जाते का असल्या ठिकाणी.'

मनी जाते. ऑफिस सेंट्रलला आहे, शुक्रवारी संध्याकाळी सगळे बारकडे जाणारा डी'ॲग्विलर स्ट्रीटचा चढ चढतात, आपण एकट्याने एमटीआर, म्हणजे इथली मेट्रो, धरून घरी पळायचं म्हणजे पुढच्या सोमवारी निम्मी बातमी आपल्याला कळलेली नसते. पण मी वैतागले ते काकांच्या प्रश्नावर नाही. वैतागले ते दोघांनीही ज्या टेकाडाला साक्षीला बोलावलं, ते टेकाड दोघांनाही ठाऊक नाही म्हणून. एकाला तिथे पाप दिसतं, दुसऱ्याला जीडीपी. मला तिथे पायऱ्या दिसतात.

त्या टेकाडावरच्या बारवस्तीचं, लान क्वाय फाँगचं, नाव ऐकून लोकांना वाटतं केवढा मोठा इलाखा असेल. मुळात ती काटकोनात वळलेली एक छोटी गल्ली आहे. क्वीन्स रोडवरून डी'ॲग्विलर स्ट्रीट सरळ डोंगरावर निघतो आणि ही गल्ली त्याला बाजूने येऊन मिळते. वर विंडम स्ट्रीट, त्याच्यावर हॉलिवूड रोड, आणि हॉलिवूड रोडच्या दक्षिणेला स्टाँटन, एल्गिन, पील अशा रस्त्यांचं सोहो. सपाट असं काही नाही. पील स्ट्रीटवर बाहेर मांडलेल्या टेबलांच्या दोन पायांखाली ठोकळे असतात, नाहीतर बिअर मांडीवर येते. १९८०च्या आधी इथे गोदामं, फुलवाले, छोटी दुकानं होती. १९८३ साली ॲलन झेमन नावाच्या माणसाने 'कॅलिफोर्निया' नावाचं रेस्टॉरंट काढलं आणि मग एकामागून एक दिवे लागत गेले.

खालच्या बाजूला दगडी फरशांच्या पायऱ्यांचा पॉटिंजर स्ट्रीट आहे, ज्याच्यावर उंच टाचांच्या चपला घालून उतरणं हा स्वतंत्र क्रीडाप्रकार आहे. हा पॉटिंजर म्हणजे हाँगकाँगचा पहिला गव्हर्नर हेन्री पॉटिंजर. आणि हाच पॉटिंजर त्याआधी, पेशवाई बुडाल्यावर, अहमदनगरचा पहिला कलेक्टर होता. एल्फिन्स्टनने पुण्याला रॉबर्टसन नेमला, नगरला कॅप्टन पॉटिंजर. नगरचं आता अहिल्यानगर झालं, पॉटिंजर स्ट्रीट मात्र पॉटिंजर स्ट्रीटच राहिला. हे मी ग्रुपवर टाकलं होतं. एकाने अंगठा दाखवला. असो.

काकांना मला सांगायचंय ते १९९३ सालचं. एक जानेवारी, मध्यरात्र उलटून काही मिनिटं झालेली. नववर्षासाठी हजारो लोक त्या एवढ्याशा उतारावर जमले होते. बिअर आणि फेसाच्या फवाऱ्यांनी रस्ता निसरडा झाला होता. कुणीतरी घसरलं, त्याच्यावर दुसरं, त्याच्यावर तिसरं. २१ जण चेंगरून मेले, त्यातले बहुतेक विशी-पंचविशीतले. मी तेव्हा शाळेत होते आणि पुण्यात होते. पण इथे माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, ती रात्र माहीत असते.

त्यानंतर इथेही संस्कृतीचा गळा काढता आला असता. इंग्रजांचं नवं वर्ष, परक्यांची दारू, चिनी पोरं बिघडली, सगळा मसाला तयार होता. पण सरकारने न्यायमूर्ती केमाल बोखारी यांना चौकशीला बसवलं आणि त्यांनी पाहिलं ते उतार, रुंदी, गर्दी किती, ती कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते. तेव्हापासून हॅलोविनला आणि एकतीस डिसेंबरला पोलीस कठडे लावतात, गाड्या बंद करतात, चढायचा रस्ता वेगळा आणि उतरायचा वेगळा, आणि आत पुरेसे लोक झाले की बाकीच्यांना खाली रांगेत थांबवतात. कंटाळवाणं काम आहे. दरवर्षी त्याच जागी तोच कठडा. मला त्या कठड्यांचा राग यायचा, चांगल्या कपड्यांत तासभर रांगेत उभं राहायला कुणाला आवडतं? पण २०२२च्या ऑक्टोबरात सोलच्या इतेवॉनमध्ये तसल्याच उतरत्या गल्लीत, हॅलोविनच्याच गर्दीत १५९ माणसं गेली, तेव्हापासून मी रांगेत गप्प उभी राहते.

आपल्याकडे काय झालं बघा. २०१७च्या २९ सप्टेंबरला, भर सकाळी, मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर २३ जण चेंगरून गेले. कुणी प्यायलेलं नव्हतं. लोक ऑफिसला निघाले होते. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईतच कमला मिल्समधल्या गच्चीवरच्या पबना आग लागून १४ जण गेले. पहिल्या वेळी कुणी संस्कृतीचं नाव काढलं नाही, दुसऱ्या वेळी लगेच निघालं. माझ्या मते दोन्हीकडे प्रश्न एकच होता: एवढी माणसं इथून बाहेर कशी पडणार? काकांच्या निवेदनात गच्चीवरच्या बारला दुसरा जिना आहे का, हा प्रश्न नाही. मी दोनदा वाचलं. 'अश्लाघ्य' हा शब्द तीनदा आहे.

कल्याणीनगरच्या पोर्शे प्रकरणानंतर, २०२४च्या मेमध्ये, पुण्यात हेच झालं. दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, गाडी चालवणारा अठराच्याही आतला. संताप यायलाच हवा होता आणि आला. पण मग चर्चा पबच्या वेळेवर घसरली. रात्री एक वाजता पबमधून बाहेर पडलेल्या माणसाला गाडी न चालवता घरी जायचा रस्ता काय आहे पुण्यात? मेट्रो अकराच्या सुमारास झोपते. पीएमपीची रातराणी बस आहे, ठरावीक मार्गांवर, आणि ती बाणेरच्या मुलांना माहीतही नाही; मी माझ्या भाडेकरूंना विचारलं. रिक्षावाल्याचं मन असेल तर. मग तो गाडीच काढणार ना? इथे एमटीआर एकच्या सुमारास बंद होते, पण 'एन' लावलेल्या बसगाड्या रात्रभर असतात, लाल मिनीबस असतात, आणि गाडी बाळगणं एवढं महाग आहे की आमच्या ऑफिसात पार्टीला गाडी घेऊन आलेला माणूस मी पाहिलेला नाही. इथले लोक फार सज्जन आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना दुर्जन व्हायला पार्किंग मिळत नाही.

आणि 'दहानंतर रात्र ही आपली नव्हे' हे तर मला पटणारच नाही, निदान काकांकडून नाही. मला रात्रभर बाहेर पहिल्यांदा नेलं ते काकांनीच. गणपतीचे देखावे बघायला. मंडईपासून निघून तुळशीबाग, लक्ष्मी रोड, पहाटे तीनला गरम भजी आणि चहा, मी अर्धी झोपेत. विसर्जन मिरवणूक आता दिवस उलटून जाईपर्यंत चालते. त्या भिंती हादरवणाऱ्या स्पीकरांच्या विरोधात काकांनी कधी मसुदा लिहिला नाही. सवाई गंधर्व पूर्वी रात्रभर चालायचा, घोंगड्या घेऊन लोक बसायचे, भैरवी ऐकून दूध घेऊनच घरी. आवाजाचे नियम आले आणि तो वेळेत आवरायला लागला, तेव्हा सगळ्यात जास्त हळहळले तेही हेच. म्हणजे भांडण रात्रीशी नाही. रात्री कोण बाहेर आहे, याच्याशी आहे.

आता चुलतभावाकडे वळते, कारण तोही काही कमी नाही. हाँगकाँग 'रात्रभर जागं' वगैरे. अरे बाबा, डोंगरावरच्या मिड-लेव्हल्स वस्तीचं एस्कलेटर मध्यरात्री बंद होतं. साधारण ८०० मीटर लांबीची, १३५ मीटर चढाची ती सरकत्या जिन्यांची माळ सकाळी सहा ते दहा खाली येते आणि मग मध्यरात्रीपर्यंत वर जाते. म्हणजे ती बनवली होती वर राहणाऱ्यांना ऑफिसला पोचवायला आणि घरी आणायला, त्याच १९९३ साली. दोन्ही बाजूंना बार उगवले ते नंतर, माणसांची ये-जा होते म्हणून. कुणी 'नाईटलाईफ धोरण' आखून सोहो बनवलं नाही. जिना बांधला, आणि जेवण मागून आलं.

वर हेही त्याला सांगावंसं वाटतं की इथे बारचा परवाना देणाऱ्या मंडळासमोर शेजारी जाऊन हरकत घेऊ शकतात, आणि मंडळ ऐकून घेतं. रात्री अमुक वाजल्यानंतर खिडक्या-दारं बंद, बाहेर टेबल नाही, अशा अटी परवान्यावर असतात. त्यामुळे पील स्ट्रीटवर अकराच्या सुमारास वेटर येऊन घडीचे दरवाजे ओढून घेतो आणि आपण गुमान आत जातो. म्हणजे काकांसारखे काका इथेही आहेत. फक्त त्यांच्या अर्जात डेसिबल असतात.

आणि दारूच्या बाबतीत हे शहर शिस्तीचं मंदिर आहे असं समजू नकोस. दुकानातून अठरा वर्षांखालच्या मुलाला बिअर विकायला बंदी आली ती २०१८च्या नोव्हेंबरात. त्याआधी बारमध्ये बंदी होती, दुकानात नव्हती! वाइन आणि बिअरवरचा कर २००८ सालीच काढून टाकला. आपल्याकडे कायद्याने एकविसाच्या आत बिअर नाही, पंचविसाच्या आत व्हिस्की नाही, आणि प्यायला परमिट लागतं, जे आमच्या सगळ्या खानदानात फक्त काकांकडे आहे, हे काकूने मला सांगितलंय. (औषधापुरतं, म्हणे.) कागदावर महाराष्ट्र हाँगकाँगच्या कैक पट सोवळा आहे. तरी सुरक्षित कोणता रस्ता वाटतो?

माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे, आणि इथे मला बढाई मारायचा मोह आवरत नाही. मी रात्री एक वाजता विंडम स्ट्रीटवरून एकटी उतरते, सेव्हन-इलेव्हनसमोर कॅन घेऊन बसलेल्या पोरांच्या मधून वाट काढत जाते, बसच्या वरच्या मजल्यावर जाऊन डोळे मिटते. कानात हेडफोन. कुणी बघत नाही. पुण्यात मी साडेनऊला जंगली महाराज रोडवर रिक्षेत बसले तरी नंबराचा फोटो काढून भावाला पाठवते. हे लिहिताना मला संस्कृती, अस्मिता, सगळ्यांवर पाणी सोडावंसं वाटतं.

पण 'कुणी बघत नाही' हे वाक्य मी ग्रुपवर टाकलं नाही. टाकलं असतं तर काकांनी विचारलं असतं, का बघत नाही? आणि खरं उत्तर एवढंच नाही की इथले पुरुष सभ्य आहेत. मी इथे कुणाचीच कुणी नाही, हेही आहे. पुण्यात मी जोशीबाईंची नात, अमक्याची पुतणी, तमक्याची सून. फर्ग्युसन रस्त्यावर बिअर घेऊन बसले तर पलीकडच्या टेबलावर आईच्या भिशीतली कुणीतरी असतेच. इथे माझ्याबद्दल मत बनवण्याइतकी माझी कुणाला माहिती नाही. या मोकळेपणाला मी गेली कित्येक वर्षं स्वातंत्र्य म्हणत आले आहे, आणि ते आहेच, ते मी परत देणार नाही. पण ते मला पाहुणी म्हणून मिळालेलं आहे.

ते टेकाडच पाहुण्यांचं आहे. माझ्यासारखे, बँका आणि विमा कंपन्यांतले, हॅपी अवरला शंभर हाँगकाँग डॉलरची पाइंट स्वस्त समजणारे. ऑफिसातली हाँगकाँगची मंडळी आमच्यासोबत एक ग्लास घेतात आणि मग मोंग कॉकला किंवा शाम शुई पोला जेवायला निघून जातात. कधी कधी विचारतात, येतेस का? मी गेलेय. मेनू भिंतीवर चिनीत लिहिलेला असतो, माझ्यासाठी सगळं टेबल इंग्रजीत बोलायला लागतं, आणि अर्ध्या तासात विनोद थांबतात. मला कँटोनीज टॅक्सीवाल्यापुरती येते. अजून. लेकीला छान येते, ती माझे उच्चार ऐकून तोंड लपवते. मग मी पुन्हा विंग वा लेनमध्ये जाऊन बसते, जिथे मालक भारतीय, वेटर नेपाळी, आणि नान मागताना कुणाची भाषा बदलावी लागत नाही. जिथे जागतिक शहर म्हणतात तिथे मी पराठ्याच्या वासावर जागा ठरवते.

दुसरंही एक आहे. माझा शुक्रवार मोकळा असतो कारण घरी आमची मदतनीस असते. फिलिपिन्सची आहे. कायद्याने तिला आमच्याच घरात राहावं लागतं, वेगळी खोली भाड्याने घेता येत नाही. मी एकला परत येते तेव्हा लेकीचं जेवण, अभ्यास, ओटा, सगळं झालेलं असतं. तिची सुट्टी रविवारची. त्या दिवशी ती आणि तिच्या मैत्रिणी सेंट्रलला, याच उताराच्या पायथ्याशी, पुठ्ठे अंथरून बसतात, डबे उघडतात, पत्ते खेळतात, घरी व्हिडिओ कॉल करतात. उतारावरचं एक टेबल तिला परवडणारं नाही. आधी मी मदतनिसांचा विषय निघाला की पुण्यातल्या कामवाल्या बायकांना मिळणाऱ्या वागणुकीकडे बोट दाखवायचे. चांगलं चालतं ते. काकू लगेच गप्प बसते.

आणि चुलतभावाला ज्याचा एवढा अभिमान, ते जागं हाँगकाँगही आता डुलक्या काढतं. २०१९ची आंदोलनं, मग कोविडमध्ये बार महिनोन्‌महिने बंद, मग कितीतरी लोक शहर सोडून गेले. आता शनिवार-रविवार माणसं स्वस्तात जेवायला सीमेपलीकडे शेनझेनला जातात. २०२३मध्ये सरकारला 'रात्री बाहेर पडा' म्हणून मोहीम काढावी लागली, नाईट मार्केटं भरवली. एल्गिन स्ट्रीटवर माझ्या ओळखीच्या दोन जागांवर 'भाड्याने देणे आहे' लागलंय. हे मी त्याला सांगितलेलं नाही. तो लगेच विचारील, मग तू परत का येत नाहीस?

काका ते विचारतातच. परवा फोनवर म्हणाले, 'सही करायची नसेल तर नको करूस. पण उद्या परत आलीस तर राहशील का त्या फ्लॅटमध्ये? समोरच्या गच्चीवर ढिशूम ढिशूम चाललेलं असतं एक वाजेपर्यंत.' मी म्हटलं, काका, मी आवाजाबद्दल बोलतच नाहीये, आवाजाची तक्रार तुम्ही जरूर करा, मी पहिली सही करते. मुलींची काळजी त्यात घालू नका. ते म्हणाले, 'मी विचारलं ते सांग.' आणि खरं सांगायचं तर मी नाही राहणार तिथे. परत यायचा विचार मनात येतो तेव्हा डोळ्यांपुढे बाणेर येतच नाही. सदाशिव पेठेतला वाडा येतो, जो पाडून तिथे इमारत झाली त्यालाही आता किती वर्षं झाली, आणि साडेनऊला शटर ओढणारा वाणी येतो. शहराने जागं राहावं असं मला वाटतं, पण माझं पुणं मला झोपलेलं हवं असतं. चुलतभाऊ तिथे राहतो, त्याला ते जागं हवंय. त्याला तसं मागायचा हक्क माझ्याहून जास्त आहे, एवढं मी त्याला कबूल केलं. काकांनाही जास्त आहे. ते दोघं आपसात मिटवत नाहीत आणि मला साक्षीदार करतात.

लेक आता पुढच्या वर्षी पुण्याला शिकायला जायचं म्हणते. तिला आजीची भाषा शिकायची आहे, आर्किटेक्चर करायचं आहे, आणि तिथे सबमिशनच्या काळात कॉलेजातून निघायला रोजच बारा-एक होतात, असं तिने कुठूनतरी शोधून काढलंय. तिने ग्रुपवरच विचारलं, इंग्रजीत, की रात्री एक वाजता घरी यायला बस कोणती? चुलतभावाने दोन ॲपची नावं दिली आणि खाली लिहिलं की रात्री ती मिळतीलच असं नाही. मी रातराणीचं वेळापत्रक शोधत बसले.

काकांनी लिहिलं, 'बस कशाला हवी? फोन करायचा. मी येतो स्कूटर घेऊन.' ते आता पंचाहत्तरीला आलेत, रात्री त्यांना नीट दिसत नाही, आणि ते खरोखर येतील. लेकीने मला विचारलं, रोज?